अरुंद झडप आणि उपवासाचा विवेक

माणूस उभा राहताच रक्त पायांकडे ओसरते. स्वायत्त चेतासंस्था ते तत्क्षणी सावरते; नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णाचे हृदय मात्र पुरेसे रक्त पुढे लोटू शकत नाही. श्रमाच्या वेळी डाव्या जवनिकेतील वाढलेल्या दाबामुळे चेतासंस्थेची फसगत होते. रक्तवाहिन्या सैलावतात आणि शुद्ध हरपते. निर्जळ उपवासाने हा धोका अधिकच वाढतो. म्हणून जिना चढताना येणारी भोवळ वयावर ढकलू नये. झडपेचा विकार असलेल्या श्रावक-श्राविकांनी पर्युषणात पच्चक्खाण घेण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. बाह्य तपांत अनशनाशेजारीच ऊनोदरी आहे, आभ्यंतर तपांत स्वाध्याय आहे. देह सांभाळून केलेले तपही तपच होय.