काटेरी झुडपाची जादूची काठी

चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, तर कोणी रानाची राखण करणारा ‘ड्रुइड’. संकट आले की फासा टाकायचा आणि पडेल त्या दानाप्रमाणे पुढे जायचे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने पुढे देशोदेशीच्या मुलांना वेड लावले.

या खेळात ड्रुइडाचा एक मंत्र आहे, ‘शिलेली’. तो म्हटला की हातातल्या साध्या सोट्यात जादू संचारते. २०१४ सालच्या नियमांप्रमाणे साध्या सोट्याच्या घावासाठी चार बाजूंचा फासा टाकतात. मंत्रानंतर आठ बाजूंचा. अंमल मात्र फक्त एक मिनिट!

शिलेली हे नाव काल्पनिक नाही. ती आयर्लंडमधली खरीखुरी काठी आहे. तिथल्या विक्लो परगण्यात शिलेली नावाचे गाव आहे. गावाजवळची ओकची राने एकेकाळी प्रसिद्ध होती. त्यावरून काठीला हे नाव पडले, असे मानतात. पण पुढे तिच्यासाठी पसंती मिळाली ती ब्लॅकथॉर्न या शेताच्या कुंपणात वाढणाऱ्या काटेरी झुडपाला.

ब्लॅकथॉर्न हे आलुबुखार आणि जर्दाळूच्या कुळातले. वसंताच्या सुरुवातीला, पाने फुटण्याआधीच, ते पांढऱ्या फुलांनी भरून जाते. फळे लहान, निळीकाळी आणि विलक्षण तुरट. काटा बोटात मोडला तर बोट सुजते. वाढ सावकाश, पण लाकूड टणक आणि चिवट. मुळाच्या गड्ड्यासकट दांडा काढायचा. गड्डा हीच मूठ. काटे छाटून त्यांच्या गाठी तेवढ्या ठेवायच्या, काळी साल तशीच राखायची. मग लोणी किंवा चरबी चोळून काठी धुराड्यात ठेवायची. महिनोन्महिने धूर खात ती मुरते आणि तडकत नाही. आपल्याकडे लाठीला तेल पाजतात, त्यातलाच हा प्रकार.

हे गरिबाचे हत्यार होते आणि ते बहुधा आपल्याच माणसांवर चालले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडच्या जत्रा-बाजारांत दोन घराण्यांचे किंवा दोन गावांचे जमाव काठ्या घेऊन एकमेकांवर तुटून पडत. १८३४ च्या जूनमध्ये केरी परगण्यात, बॅलीबनियनजवळच्या किनाऱ्यावर, अशीच मोठी मारामारी झाली. कित्येकजण दगावले, त्यांतले बरेच पळताना नदीत बुडाले.

पुढे इंग्रजी व्यंगचित्रांत दारूच्या नशेत काठी परजणारा आयरिश माणूस हा चेष्टेचा विषय झाला. त्यामागची गरिबी आणि वैर चित्रात कुठे दिसले नाही. आज हीच काठी पर्यटक हौसेने आठवण म्हणून घरी नेतात.

खेळातल्या शिलेलीने कोणी मेला, तर खेळणारा नवे पात्र घेऊन पुन्हा बसतो. मुले टेबलाभोवती जमतील तेव्हा हा मंत्र त्यांना खुशाल म्हणू द्यावा. मात्र केरीच्या किनाऱ्यावर पडलेल्यांना दुसरा डाव मिळाला नव्हता, हेही कोणीतरी त्यांना सांगावे.