वजन थांबलं, म्हणजे ऑपरेशन फसलं नाही

‘लाखो रुपये घातले, पोट कापून घेतलं, तरी जिभेवर ताबा नाही तो नाहीच.’ वजन कमी करण्यासाठीची बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं वजन उतरायचं थांबलं की हा निकाल ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतीत तो ऐकू येतो, नातेवाइकांच्या फोनवर ऐकू येतो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रुग्ण स्वतःच तो स्वतःला रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहून ऐकवत असतो. नीट झालेल्या ऑपरेशननंतर वजन उतरतच राहायला हवं, आणि थांबलं तर त्याचा अर्थ रुग्णाने पथ्य मोडलं, असा हा पूर्वपक्ष आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यावरून जो सल्ला दिला जातो तो घातक आहे.

आधी पुरावा पाहू. स्वीडनमध्ये १९८७ साली ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ हा मोठा अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेले २,०१० लोक आणि नेहमीचे उपचार घेणारे २,०३७ लोक यांच्याकडे त्यात वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं. तिथे ते थांबलं, थोडं वर आलं, आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. इतर पद्धतींचे आकडे कमी होते, पण आलेखाचा आकार तोच: आधी उतार, मग थांबा, मग किंचित चढ. हजारो माणसांच्या सरासरीतच हा थांबा दिसत असेल, तर त्याला एकेकाचा चटोरपणा कसं म्हणायचं?

याच अभ्यासातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांवर बायपास नव्हे, तर जठराला पट्टा घालून ते अरुंद करण्याची जुनी शस्त्रक्रिया झाली होती. दहा वर्षांनी या रुग्णांची घट जेमतेम १६ टक्के उरली होती. आजच्या जाहिरातींच्या मापाने हे सगळे नापास. तरीही २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसलं, की सरासरी अकरा वर्षांच्या काळात शस्त्रक्रियेच्या गटात १०१ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात १२९. वजन मधेच थांबलेल्या माणसांचं आयुष्य वाढलं होतं. काट्याने ज्यांना नापास केलं, त्यांना शरीराने पास केलं.

वजन थांबतं ते का? शंभर किलोचा माणूस पंचाहत्तर किलोचा होतो तेव्हा चालायला, जिना चढायला, नुसतं बसून राहायलाही त्याला पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा लागते. इतकं सगळ्यांना पटतं. पण न्यूयॉर्कमध्ये लीबेल, रोझेनबॉम आणि हर्श यांनी १९९५ साली दाखवलं, की वजन दहा टक्के उतरल्यावर शरीराचा ऊर्जेचा खर्च घटलेल्या वजनाच्या हिशोबापेक्षाही जास्त घटतो. चरबीचा साठा कमी झाला की लेप्टिन हे संप्रेरक उतरतं, मेंदू त्याला दुष्काळाची खूण समजतो आणि खर्चाला कात्री लावतो. ऑपरेशनमुळे भुकेचं संप्रेरक कमी होतं, पोट लवकर भरतं, म्हणून वजन एवढं खाली येऊ शकतं. पण शरीराचा हा बचाव ऑपरेशनने पुसला जात नाही. आत येणारी आणि खर्च होणारी ऊर्जा सारखी झाली, की काटा थांबणारच.

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अडकणारा काटा ही तर याहून साधी गोष्ट. पहिल्या दिवसांत यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतो. एक ग्रॅम ग्लायकोजेन जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो, त्यामुळे तेव्हाची घट बरीचशी पाण्याची असते. नंतर साठा थोडा भरतो, पाणी परत येतं, आणि चरबी जळत असतानाही आकडा जागचा हलत नाही. या दिवसांत घाबरून रडणाऱ्या रुग्णाला कोणी हे आधी सांगितलेलं नसेल, तर दोष न सांगणाऱ्यांचा आहे.

आता त्या सल्ल्याकडे वळतो. ‘पोट पुन्हा ताणलं गेलंय, पाच दिवस नुसतं पातळ घे, आक्रसेल.’ ताणलेलं जठर पाच दिवसांच्या सूप-ताकाने आक्रसत नाही. त्या दिवसांत दोन किलो उतरतात ते पुन्हा पाण्याचेच, आणि नेहमीच्या जेवणाबरोबर परतायला लागतात. उपासाची आपल्याकडे एवढी प्रतिष्ठा आहे, की हा उपाय घरच्यांनाही लगेच पटतो. पण छोट्या झालेल्या पोटात प्रथिनं आधीच कमी जातात. साधारण दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम लागतात, आणि पोळी-भाजी-वरण-भाताच्या ताटात, चार घासांत पोट भरणाऱ्याला, ती गाठणं सोपं नाही. त्यात आणखी उपाशी राहिलं की स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की ऊर्जेचा खर्च अजून उतरतो. ज्या कारणाने वजन थांबलं, तेच कारण आपण हाताने वाढवतो.

प्रतिपक्षाचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. सगळेच थांबे निरागस नसतात. चिवडा, खारी, आइस्क्रीम, गोड चहा, दारू या गोष्टी लहान पोटातूनही सहज सरकतात, पोट भरल्याची जाणीव देत नाहीत, आणि दिवसभराच्या चरण्यात बऱ्याच कॅलरी जातात. ‘हे सगळं जीवशास्त्र आहे, आपण काय करणार’ असं म्हणून हात झटकणंही म्हणूनच चूक. पण थायरॉइड मंदावणं, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा मानसोपचाराची काही औषधं, आणि बायपासमध्ये क्वचित जठराच्या वेगळ्या केलेल्या दोन भागांत पुन्हा वाट तयार होणं, हीसुद्धा कारणं असतात. ती टोमण्यांनी सापडत नाहीत, तपासण्यांनी सापडतात.

आणि टोमण्यांचा खरा तोटा इथेच आहे. वजन थांबलेला माणूस लाजेने डॉक्टरांकडे जाणं सोडतो. ‘काय तोंड दाखवू,’ असं म्हणतो. त्याबरोबर रक्ततपासण्या सुटतात, बी-१२, लोह, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुटतात. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. त्या सोडल्या तर रक्तक्षय होतो, बी-१२च्या कमतरतेने हातापायांच्या नसांना इजा होते, आणि वारंवार उलट्या होत असतील तर बी-१च्या अभावाने मेंदूलाही. दोन किलोच्या शरमेपायी माणूस एवढं गमावतो, हे मला सहन होत नाही.

मग करायचं काय? ताटात आधी उसळ, पनीर, चक्का, अंडं किंवा मासा, आणि भात-पोळी शेवटी, जागा उरली तर. जेवताना पाणी नाही, ते अर्ध्या तासाने. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर ताण देणारा व्यायाम, कारण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. रोज वजन करू नये. कमरेचं माप, साखर, रक्तदाब आणि औषधांची यादी यांची नोंद ठेवावी. आणि एवढं करूनही वजन पुरेसं उतरलं नसेल, तर औषधाची मदत घेण्यात कमीपणा नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, शस्त्रक्रियेचा अपुरा फायदा झालेल्या रुग्णांना लिराग्लुटाइडची इंजेक्शनं दिली. चोवीस आठवड्यांत त्यांचं वजन आणखी सुमारे नऊ टक्के उतरलं. नुसतं सल्ल्यावर आणि खोट्या इंजेक्शनवर असलेल्यांचं जवळपास उतरलंच नाही. फरक इच्छाशक्तीचा असता, तर औषधाने तो पडला नसता.

रुग्णालयांकडेही माझी एक मागणी आहे. त्यांच्या भिंतींवरचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षातले असतात, म्हणजे वजन सगळ्यांत खाली असतानाचे. त्यांच्या शेजारी दहा वर्षांचा आलेखही लावावा. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही घेताना नवरा, बायको, आई, जे कोणी सोबत असेल त्यांना तो समजावून सांगावा, आणि डिस्चार्जच्या कागदावर तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षाच्या तपासणीच्या तारखा आधीच लिहून द्याव्यात.