रंगीत कोंबड्यांना मागणी आहे; पण उबवणीची अंडी रंगावरून निवडू नका

जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा संसर्ग आढळला आणि बाधित परिसरातील पक्षी नष्ट करावे लागले. नवी मुंबईतील गावठाणे, पनवेल आणि उरण या पट्ट्यातील परसातील कुक्कुटपालनासाठी ही वेळ नाजूक असते. गटारीला विकायचा गावठी कोंबडा तयार व्हायला साधारण पाच महिने लागतात. म्हणजे त्याची अंडी फेब्रुवारीपर्यंत उबवणीला बसायला हवीत. कळप गेला की घरची अंडीही जातात. मग मिळतील ती रंगीत पिल्ले ‘गावठी’ समजून घेतली जातात. अशा वेळी पिल्लाचा रंग कोणता, यापेक्षा ते कोणत्या कळपातून आले हे विचारा.

रंगावरून काय कळते?

पांढरी म्हणजे ब्रॉयलर आणि रंगीत म्हणजे गावठी, असे ग्राहक धरून चालतो. परसात रंगाचा फायदाही आहे. तपकिरी किंवा ठिपक्यांची कोंबडी घारीच्या नजरेत पांढरीइतकी चटकन भरत नाही. पण वनराज आणि गिरिराज हे पक्षीही रंगीतच आहेत, आणि ते संकरातून तयार केलेले आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पिल्ले निघतात. मात्र रंग, वजन आणि अंडी देण्याची क्षमता आईबापांसारखी टिकत नाही.

कडकनाथचेही तसेच. त्यात पूर्ण काळा, काळ्यावर पांढऱ्या रेघांचा आणि सोनेरी छटेचा असे तीन प्रकार आहेत. त्यामुळे काळी पिसे म्हणजे कडकनाथ नव्हे. शिवाय कातडीचा काळेपणा संकरित पिल्लातही उतरतो. अंडे मात्र काळे नसते, ते फिकट तपकिरी असते. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चाललेल्या कडकनाथ योजनेत राज्यभरातील शेतकऱ्यांचे पैसे अडकले, हे २०१९ मध्ये उघड झाले. नुसत्या नावावर आणि रंगावर पैसे लावू नका.

रंगाचा एक उपयोग पक्का आहे. ऱ्होड आयलंड रेड नर आणि पट्टेदार प्लायमाऊथ रॉक मादी यांच्या पिल्लांत नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करता येतात.

घरी उबवण करताना

• ८ ते १० माद्यांमागे एक नर ठेवा. नर बदलल्यास तीन आठवडे थांबून मगच अंडी साठवा. तोपर्यंत जुन्या नराची पिल्ले निघू शकतात.
• अंडी रोज गोळा करा, थंड जागी ठेवा आणि ७ दिवसांच्या आत उबवणीला लावा. कोकणातल्या उकाड्यात उशीर केल्यास फळ कमी मिळते.
• खुडूक देशी कोंबडीखाली १२ ते १५ अंडी पुरेत. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चने तपासून वांझ अंडी काढा. २१व्या दिवशी पिल्ले निघतात.
• इन्क्युबेटरचे तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. १८व्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवा, नंतर फिरवू नका.

मर दिसली तर लगेच कळवा

बर्ड फ्लू ठरल्यावर बाधित ठिकाणापासून १ किलोमीटर हे बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटरपर्यंतचे निगराणी क्षेत्र धरले जाते. तेथे पक्षी व अंड्यांच्या ने-आणीवर निर्बंध येतात. या काळात नातेवाइकांकडून कोंबडा किंवा अंडी आणू नका, देऊही नका.

भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. लपवाछपवीत गेलेला प्रत्येक दिवस तुमचेच नुकसान वाढवतो. अचानक मर दिसली तर मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नका. ग्रामपंचायत, जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ क्रमांकावर कळवा.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावनिहाय एक साधी वही ठेवावी: कोणाकडे कोणता नर आहे, तो कुठून आला आणि अंडी कोणाला दिली. रोग आला तर संसर्गाचा माग काढायला ती उपयोगी पडेल, आणि एरवी चांगली अंडी कुठे मिळतील हेही त्यातूनच कळेल.