मायनर मार्कशीटवर नको, कामात दिसू द्या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर मुख्य विषयासोबत दुसरा विषय ‘मायनर’ म्हणून घेण्याची वाट मोकळी झाली. तो विषय व्यावसायिक लेखनाचा असेल, तर घरातून पहिला प्रश्न येतो: याने नोकरी मिळेल का? प्रश्न रास्त आहे. ज्या घराने कर्ज काढून फी भरली, त्याला हिशेब विचारायचा हक्क आहे.

सॉफ्टवेअरच्या कामात कोड हा एक भाग झाला. उरलेला बराच वेळ डिझाइन डॉक्युमेंट, बग रिपोर्ट, रिव्ह्यूवरच्या टिप्पण्या आणि ग्राहकाचे ई-मेल लिहिण्यात जातो. ॲमेझॉनने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकले आणि जास्तीत जास्त सहा पानांचे लेखी टिपण आणले. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात. इंटरनेटचे नियम ज्या ‘आरएफसी’ दस्तऐवजांत ठरतात, त्यातला पहिला १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिला. तेव्हा ते विद्यार्थीच होते.

पण मार्कशीटवरच्या एका ओळीने मुलाखत घेणाऱ्याला काही पटत नाही. त्याला नमुना दाखवा. आपल्या प्रोजेक्टची अशी माहितीपुस्तिका लिहा, की नवखा माणूस कुणालाही न विचारता तो सुरू करू शकेल. असा बग रिपोर्ट दाखवा, ज्यात काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे तिन्ही स्पष्ट असेल. बायोडेटात ‘उत्तम संवादकौशल्य’ लिहू नका; कोणता दस्तऐवज, कुणासाठी लिहिला आणि त्याने काय बदलले, ते लिहा.

आपल्यातले अनेकजण मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेले, घरातले पहिले पदवीधर आहेत. इंग्रजी बोलताना अडखळलो की समोरचा क्षणात मत बनवतो. लिहिलेले मात्र पाठवण्यापूर्वी पाच वेळा सुधारता येते. तिथे उच्चार नाही, विचार तपासला जातो. म्हणून लेखन ही आपल्यासाठी चैन नाही, बरोबरीने उभे राहण्याची जागा आहे.

कॉलेजात हा विषय नसेल, तर गूगलचे तांत्रिक लेखनाचे अभ्यासक्रम ऑनलाइन मोफत आहेत. या आठवड्यात आपल्या प्रोजेक्टवर एक पान लिहा आणि ज्याला कोडिंग येत नाही अशा कुणाला तरी वाचायला द्या. तो जिथे थांबेल, तिथून पुन्हा लिहा.