शेणमातीचे अंगडे

तंबाखूने निपाणीचे नाव सर्वदूर नेले, वेदगंगा-दूधगंगेच्या काठांवर ऊस पसरला. वैरणीच्या वाट्याला मात्र बांधालगतचा तुकडा उरला. दावणीत उसाचे वाढे पडतात, परंतु दुभत्या म्हशीचे केवळ त्यांवर भागत नाही. म्हणून जाणता गृहस्थ दहा गुंठे लसूणघास राखतो. हे पीक तीन-तीन वर्षे कापावयाचे. आरंभीच विरळ उगवले, तर ती उणीव दीर्घकाळ सोसावी लागते.

परदेशांत या घासाचे बी चुन्याचा व जिवाणूंचा लेप चढवून सर्रास विकतात. आपणांस ही कल्पना परकी वाटू नये. तंतू चिकटलेली सरकी चाड्यातून सुटी पडावी, म्हणून ती शेणमातीत चोळून पेरण्याची रीत आपल्याच वाडवडिलांची. अंजन गवताचे लवदार, हलके बीही असेच गोळीबंद केले, की वाऱ्यावर न उडता टाकले तेथे पडते.

मात्र लेपाचे गणित नीट मांडले पाहिजे. लसूणघासाच्या एक किलो बियांत सुमारे पाच लाख दाणे असतात. लेप एकूण वजनाच्या एक तृतीयांश असेल, तर दाणे सव्वातीन लाखांच्या आसपासच भरतात. दहा गुंठ्यांना साधे बी अडीच किलो लागत असेल, तर तितक्याच दाण्यांसाठी लेपाचे पावणेचार किलो घ्यावे लागेल! चुन्याला बियाण्याचा भाव मोजावयाचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

खानापूरकडील तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत चुना व जिवाणू यांचा हा लेप रोपास खरा आधार देतो. पाण्याखालच्या काळ्या रानात मात्र उगवणीतील थोडाफार फरक पुढील कापण्यांत बहुधा बुजून जातो, कारण रोपे फुटवे धरून मोकळी जागा व्यापतात. लेप उगवणीचा सोबती आहे; उत्पन्नाची हमी तो देत नाही.

घरच्या घरी करावयाचे झाल्यास गुळाचे पाणी उकळून पूर्ण थंड करावे, त्यात लसूणघासासाठीचेच रायझोबियम संवर्धक कालवावे आणि बियांस हलक्या हाताने चोळावे. दहा किलोंस पाव किलोचे पाकीट पुरते. बुरशीनाशक लावणे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे, कारण उन्हात हे जिवाणू तग धरीत नाहीत.