आवडीला शिडी नसते

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या सांस्कृतिक समितीने प्रत्येक वर्गातून एक कागद फिरवला होता. नाव, वर्ग, अंगी असलेली कला आणि शेवटी ‘आपले आवडते गायक’ असा एक रकाना. मी त्या रकान्यात लिहिले, ‘प्रल्हाद शिंदे’. मग शेजारच्या बाकावरील मित्राच्या कागदाकडे पाहिले, मागे उभ्या असलेल्या सरांकडे पाहिले आणि ते नाव खोडले. वर लिहिले, ‘कुमार गंधर्व’.

दोन्ही नावे खरी होती. कुमारजींचे गाणे मला आवडतेच. खोटे होते ते फक्त खोडणे. ती रेघ मी का ओढली, याचा विचार गेले वर्षभर मनात आहे. तो आपल्यापुढे मांडावा म्हणून हा लेख. मित्रहो, यात कोणावर टीका करण्याचा हेतू नाही. टीका असलीच तर ती माझ्यावर आहे.

आमचे घर विठ्ठलवाडीला, रेल्वेमार्गापासून हाकेच्या अंतरावर. विठ्ठलवाडी म्हणजे कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधले छोटे स्टेशन. अनेकांना ते फक्त गाडीच्या खिडकीतून ठाऊक असते. पण कानाच्या दृष्टीने पाहिले तर ही जागा फार श्रीमंत आहे. पहाटे देवळाच्या भोंग्यावर प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात पंढरीची वाट सुरू होते. एप्रिलच्या चौदा तारखेला त्याच आवाजात भीमगीते लागतात. लहानपणी मला हे दोन वेगळे गायक वाटत. एकच गळा विठ्ठलालाही गातो, बाबासाहेबांनाही गातो आणि रात्रीच्या मैदानात कव्वालीचा सामनाही रंगवतो, हे मला बाबांनी सांगितले. प्रल्हाद शिंदे आपल्या कल्याणचेच. त्यांचा जन्म १९३३ चा. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. माझा जन्म त्यानंतरचा. बाबांनी मात्र त्यांना मैदानात, मातीत बसून, उजाडेपर्यंत ऐकले आहे. बाबांकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी आहेत. त्यांतील निम्म्या या एकाच माणसाच्या.

आमच्या शेजारी एक सिंधी आजी राहत. त्यांना आम्ही सगळी मुले ‘दादी’ म्हणत असू. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर निर्वासित आले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले, हा इतिहास आपण पुस्तकात वाचतो. मी तो दादींच्या घरून येणाऱ्या आवाजात ऐकला. मास्टर चंदर यांची जुनी गाणी लागली की त्या भाजी निवडायच्या थांबत. शाह अब्दुल लतीफ यांच्या रचना लागल्या की डोक्यावर पदर घेत. मला एक शब्द कळत नसे. पण गाणे लागल्यावर हातातले काम थांबते ते कसे, हे मी प्रथम त्यांच्याकडे पाहिले.

पुढे आवडी बदलत गेल्या, तशा त्या सगळ्यांच्याच बदलतात. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि आमची अख्खी शाळा अजय-अतुल यांच्या मागे लागली. त्या गाण्यांतला भव्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाला होता, हे कळल्यावर तर आमची छाती फुगली. २०१९ च्या ‘गली बॉय’ने रॅपचे वेड लावले. डिव्हाइन आणि नेझी ही मुंबईच्या वस्त्यांतली मुले आपल्या गल्लीवर गाणी रचतात, मग आपण का नाही, म्हणून मीही वहीची दहा पाने काळी केली. ती वही आता सापडत नाही, हे बरेच आहे.

महाविद्यालयात आल्यावर मराठीच्या सरांनी आम्हा चौघांना कल्याण गायन समाजाच्या एका मैफलीला नेले. १९२६ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्यापासून दोन स्टेशनांच्या आत आहे आणि मला तिचे नावही ठाऊक नव्हते! एक तरुण गायिका पूरिया धनाश्री गात होत्या. पहिली वीस मिनिटे मी चप्पल कुठे काढली आहे याचाच विचार करीत होतो. विलंबित एकताल, तोच मुखडा पुन्हा पुन्हा, आवाज खालच्या स्वरांतून हळूहळू वर सरकतो आहे. वरच्या षड्जाच्या अगदी दारापर्यंत त्या येत आणि परत फिरत. असे चार-पाच वेळा झाले. मग एकदा तो षड्ज लागला आणि सभागृहातून एकदम ‘वा!’ उमटली. त्या ‘वा’मध्ये माझाही आवाज होता. मी इतका वेळ कंटाळलेलो नव्हतो, वाट पाहत होतो, हे मला तेव्हा कळले.

त्या संध्याकाळनंतर मी भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांची ध्वनिमुद्रणे अधाशासारखी ऐकली. यात वाईट काहीच नव्हते. वाईट झाले ते पुढे. माझ्या मनात एक शिडी उभी राहिली. सर्वांत खाली बेंजो आणि डीजे, त्यावर कॅसेटी, त्यावर चित्रपटगीत, मग भावगीत, नाट्यगीत आणि सर्वांत वर ख्याल. ही शिडी मला कोणी शिकवली नाही. पण ती हवेतच असते. ‘अजून तू तेच ऐकतोस?’ या एका प्रश्नात ती असते. स्पर्धेच्या सूचनाफलकावर ‘शास्त्रीय’ आधी आणि ‘इतर’ शेवटी लिहिले जाते, त्यातही ती असते.

एका रविवारी बाबांनी कॅसेट लावली. मी अभ्यासाचे पुस्तक मिटून म्हणालो, “बाबा, बंद करा ना ते. किती कर्कश आहे!” बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी बटण दाबले. त्यानंतर मी घरी असताना तो डबा उघडला गेला नाही. मी घरात शांतता मिळवली होती आणि मला त्याचा अभिमानही वाटला होता.

खरे सांगायचे तर प्रश्न सुरांचा नव्हता. आपल्याकडे कोणत्या घरातून कोणता आवाज येतो यावरून ते घर ओळखले जाते. माणसाची जात, वस्ती, बापाचा धंदा, सगळे त्या आवाजावरून ताडले जाते. वर्गात तो कागद भरताना मी एका गायकाचे नाव खोडत नव्हतो, आमच्या घराचा पत्ता खोडत होतो. अभिरुचीच्या नावाखाली असली कामे फार बिनबोभाट होतात.

डोळे उघडले ते, म्हणजे खरे तर कान उघडले ते, लोकलगाडीत. एका संध्याकाळी मी मुंबईहून बदलापूर गाडीने परतत होतो. योगायोगाने भजनी मंडळींच्या डब्यात शिरलो. आपल्या मध्य रेल्वेवर ही परंपरा जुनी आहे. दिवसभर कारखान्यांत, कचेऱ्यांत राबलेले लोक पिशवीतून टाळ काढतात आणि नामाला सुरुवात करतात. पखवाज नसला तर डब्याचा पत्रा असतोच. कल्याण सोडल्यावर गाडी मध्येच थांबली. एक वयस्क गृहस्थ प्रल्हाद शिंदे यांच्या वळणाने अभंग गात होते. गाडी उभी होती तेव्हा ते जितके स्पष्ट ऐकू येत होते, तितकेच गाडी सुटल्यावर चाकांच्या खडखडाटातही ऐकू आले. शब्द एकही पुसला गेला नाही. त्यांनी ओळ सोडली की पंचवीस माणसे ती अचूक समेवर उचलत होती. उतरायचे स्टेशन आल्यावर एक जण टाळ दुसऱ्याच्या हाती देऊन उतरला, पण ताल तुटला नाही.

तेव्हा मला उमगले की ज्याला मी कर्कश म्हणालो ती एक कमावलेली विद्या आहे. उंच पट्टी, खुला आवाज, टणक उच्चार आणि कोरससाठी नेमकी सोडलेली जागा ही सारी उघड्या मैदानाची गरज आहे. मागच्या रांगेत बसलेल्या, दिवसभर हमाली करून आलेल्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे, ही त्या गाण्याची परीक्षा. ख्यालाची परीक्षा वेगळी. तिथे ऐकणाऱ्याने तास-दीड तास धीर धरायचा असतो. एका परीक्षेची प्रश्नपत्रिका दुसरीला देऊन नापास करण्यात कसला आला न्याय?

आणि गंमत पाहा, ज्यांना आपण शिडीच्या माथ्यावर बसवतो त्यांनी स्वतः ही शिडी कधी मानली नाही. भीमसेन जोशींनी दुकानात वाजणाऱ्या तबकडीवर अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी ऐकली आणि अकराव्या वर्षी घर सोडले. रेल्वेच्या डब्यात गाऊन प्रवास केला. पुढे त्यांनीच अभंग घराघरात नेले. कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडले तेव्हा काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते. देवासला अंथरुणावर पडून त्यांनी रस्त्यावरून येणारी माळव्यातली लोकगीते ऐकली. त्यातून त्यांचे नवे राग आले, निर्गुणी भजनांचा तो विलक्षण उच्चार आला. त्यांनी अंथरुणावरून रस्त्याला कान दिला. मी मात्र त्यांचे नाव लिहिण्यासाठी रस्त्यावरचा आवाज खोडला!

याचा अर्थ सगळेच सारखे चांगले, असे मी म्हणत नाही. प्रत्येक प्रकारात चांगले आणि वाईट असते, आणि ते ओळखायला शिकले पाहिजे. गेल्या वर्षी बदलापूरजवळच्या एका गावात आगरी मित्राच्या बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. हळदीच्या वेळी एक वृद्ध धवलारीण धवले गात होती. एकेका विधीला एकेक धवला, सारे तोंडपाठ. तेवढ्यात बाहेर डीजेवाल्याने आवाज तपासायला सुरुवात केली. भिंती हादरल्या. म्हातारीचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हते. तिने विधी पुरा केला आणि उठली. माझी तक्रार डीजेच्या गाण्यांविषयी नाही, मीही त्यावर नाचलो. तक्रार ही की तो दुसऱ्याला ऐकू येऊ देत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, पण रात्री दहाची वेळ पाळून हा प्रश्न सुटणार नाही. धवला तर भर दिवसाही बुडतो. विचार केला तेव्हा वाटले, मी घरात बाबांच्या बाबतीत याहून वेगळे काय केले? डीजे आवाजाने गाणे बुडवतो, मी ते लाजवून बुडवले.

काही प्राध्यापक म्हणतील, “अरे, पण शिडीच काढली तर मुले वर चढणार कशी? चांगले ऐकायला कष्ट पडतात.” हा आक्षेप खरा आहे. सरांनी मला हाताला धरून नेले नसते, तर ती पहिली वीस मिनिटे मी कधीच सोसली नसती. म्हणून माझे म्हणणे इतकेच की कष्ट ठेवावे, तुच्छता काढावी. मी ख्यालासाठी जेवढा धीर धरला तेवढाच धवल्यासाठी, कव्वालीसाठी, दादींच्या सिंधी कलामासाठी धरायला हवा होता. कष्ट सगळ्या दिशांनी करावे लागतात.

यासाठी आपल्या महाविद्यालयाला दोन-तीन गोष्टी सहज करता येतील. प्रत्येक सत्रात एकदा कल्याण गायन समाजाच्या मैफलीला विद्यार्थी न्यावेत. स्नेहसंमेलनात भीमगीत, धवला, सिंधी कलाम यांना ‘इतर’मध्ये न कोंबता त्यांच्या नावाने जागा द्यावी, आणि परीक्षक म्हणून ते गाणे जाणणाराच बोलवावा. प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाचे गाणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात जमा करावे. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हाताऱ्या धवलारिणी मात्र फार दिवस असणार नाहीत.

लोकलमधल्या त्या प्रसंगानंतर मी घरी आलो आणि बाबांना डबा काढायला सांगितला. टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटलेला निघाला. बाबा म्हणाले, “राहू दे, मोबाईलवर लाव.” आम्ही प्रल्हाद शिंदे ऐकले. मग बाबाच म्हणाले, “आता तुझं लाव.” मी कुमारजींचे निर्गुणी भजन लावले. बाबांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “हा माणूस दम राखून गातो रे. तोडून तोडून. काही दुखत होतं का त्याला?” कुमारजींच्या आजाराविषयी बाबांना काहीही ठाऊक नव्हते. मी पुस्तकात वाचून जे शिकलो ते त्यांनी एका भजनात ओळखले. ज्या कानाला मी गाणे कळत नाही असे समजत होतो, तो हा कान!

या वर्षी समितीचा कागद पुन्हा आला तर मी दोन्ही नावे लिहिणार आहे. आधी प्रल्हाद शिंदे, कारण ते मी आधी ऐकले. रकाना लहान पडला तर दादींचे मास्टर चंदर आणि त्या अनामिक धवलारिणीची नोंद कागदाच्या मागच्या बाजूला करीन.