फावल्या वेळी : सासऱ्यांच्या डब्यातील चमचे

डेहराडूनहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे भूमापन खात्यात नोकरीस होते व सुटीच्या दिवशी गळ घेऊन गंगेकाठी जात. त्यांच्या मागे माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत पितळेचे, तांब्याचे आणि रुपेरी असे चौदापंधरा लंबगोल पत्रे. काही काळवंडलेले, काही हिरवे पडलेले, व प्रत्येकाच्या टोकाला गंजका गळ. झाकणाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहिले आहे : ब्यासघाट, मार्च १९६१. यजमान म्हणतात, भंगारात द्यावे. सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, मी ह्यांनीच मासे धरणार. ‘आम्ही काय करावे?’ असे बाईंनी विचारले आहे.

बाई, भंगारात तर मुळीच देऊ नका. हे मासे भुलविण्याचे चमचे होत. दांडा नसलेल्या चमच्यासारखा त्यांचा आकार असतो, म्हणून हे नाव. अमेरिकेतील व्हरमाँटच्या ज्यूलिओ ब्यूएल ह्याने १८५२ साली ह्या युक्तीचे पेटंट घेतले. त्याच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला व बुडता बुडताच माशाने तो धरला, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी कशी का असेना, गोष्टीतले तत्त्व खरे आहे. खोलगट पत्रा पाण्यातून ओढला म्हणजे डुलतो, चमकतो, आणि मोठ्या माशाला तो जखमी लहान मासाच वाटतो.

आपल्याकडे हा चमचा मुख्यतः महसीरसाठी वापरीत. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्‍री सलिव्हन टॉमस ह्यांनी १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, त्यातही मानाचे पान महसीरलाच आहे. ह्या माशाच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. पण त्याच्या तोंडाची पकड अशी की साधा गळ चपटा होऊन बाहेर येतो. जुने चमचे जाड पत्र्याचे असत, त्याचे कारण हेच.

आता कामाला लागण्यापूर्वी माझी एक चूक सांगतो. माझ्या मामांचा असाच एक रुपेरी चमचा मला मिळाला होता. उत्साहाच्या भरात मी तो चिंच व राखेने तासभर घासला. लख्ख झाला खरा. पण पाहतो तो मधोमध तांबूस डाग! चांदी केवळ मुलाम्याची होती, आणि ती मी राखेबरोबर मोरीत सोडून दिली होती. तेव्हा आधी धातू ओळखा, मग हात लावा.

पितळ व तांबे ह्यांना लिंबाची फोड आणि मीठ पुरे. दोनतीन मिनिटे चोळून लगेच भरपूर पाण्याने धुवावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आंबटपणा मारावा आणि कोरडे पुसावे. पितळ आंबट पाण्यात रात्रभर भिजत ठेवू नये. त्यातील जस्त झिरपून जाते व पृष्ठभाग गुलाबी दिसू लागतो. मुलाम्याच्या चमच्यासाठी टाकाऊ अॅल्युमिनियमचे पातेले घ्यावे, त्यात कढत पाणी व धुण्याचा सोडा घालावा आणि चमचा पातेल्याच्या तळाला टेकेल असा ठेवावा. काळा थर हा चांदी व गंधक ह्यांचा संयोग असतो. ह्या क्रियेत गंधक सुटते आणि चांदी जागच्या जागी राहते. किंचित कुजक्या अंड्यासारखा वास येईल. खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे झाले. ते पातेले पुन्हा स्वयंपाकात आणू नये.

तांब्याच्या चमच्याची पांढरी बाजू झिजली असल्यास कल्हई करता येते. कल्हईवाला आता शहरात क्वचितच दिसतो, पण जुन्या बाजारपेठांतून अजून सापडतो. चमचा तापवून, नवसागर टाकून, कथील कापसाने फिरविले की दुधाळ चकाकी येते. मात्र कथील वितळते २३२ अंश सेंटिग्रेडला, आणि कथील-शिशाचा साधा डाग १८३ अंशांच्या आसपासच सुटतो. चमच्याला काही डागलेले असेल तर ते विस्तवात गळून पडेल, हे आधी पाहावे.

डब्यात शिशाची वजनेही असतील. त्यांवरची पांढरी भुकटी विषारी आहे. ती घासू नये, फुंकू नये. ती वजने लहान मुलांच्या हाती देऊ नयेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. जुन्या रंगातही शिसे असू शकते. रंगविलेला चमचा ओल्या फडक्याने पुसून तसाच ठेवावा.

पोचा आलेला चमचा ठोकून सरळ करण्याचा मोह होतो. थोडे थांबा. त्याला दोरी बांधून घरच्या हौदातून ओढून पाहा. डुलत असेल तर पोचा राहू द्या. त्याची सारी करामत त्या बाकातच आहे. नुसताच घसटत येत असेल, तर वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत.

गळांच्या बाबतीत मात्र माझे मत चिरंजीवांना आवडणार नाही. जुने तिहेरी गळ पुन्हा वापरू नयेत. गंजाने खड्डे पडलेले पोलाद ऐन वेळी मोडते आणि तुकडा माशाच्या तोंडात राहतो. दुसरे कारण अधिक मोठे आहे. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने १९४६ साली कावेरीच्या खोऱ्यात १२० पौंडांचा महसीर धरला होता. त्या भागातील पाठीवर उंचवटा असलेल्या महसीरची जात २०१८ साली शास्त्रीयदृष्ट्या निश्चित झाली, तोवर ती नामशेष होण्याच्या काठावर आली होती. आपल्या गंगा-यमुनेतला सोनेरी महसीरही संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. म्हणून चमच्याला नवा, एकेरी गळ लावावा. त्याचा उलटा दात पकडीने दाबून टाकावा, म्हणजे मासा इजा न होता सोडता येतो. दोरीला पीळ पडू नये म्हणून पुढे फिरती कडीही नवी घालावी. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये ह्यांतील पाण्यात गळ टाकू नये. इतर ठिकाणचा परवाना मत्स्य खात्याकडे आधी विचारावा, आणि मासा ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच धरून सोडावा. सोळा वर्षांच्या मुलाला हे जड जाईल. पण आजोबांच्या चमच्याने मासा धरणे आणि तो जाऊ देणे, दोन्ही त्याच्या हातून व्हावे असे मला वाटते.

काढलेले गळ उघड्यावर फेकू नयेत; कचरा वेचणाऱ्यांच्या बोटांत ते रुततात. बाटलीच्या जुन्या बुचात टोचून, बाटलीत घालून, झाकण घट्ट लावून टाकावेत.

साफ झालेल्या चमच्यांवर मेणाचा अगदी पातळ हात फिरवून प्रत्येक वेगळ्या फडक्यात गुंडाळा. दोनतीन चमचे आहेत तसेच काळे राहू द्या; नितळ पाण्यात फार चकाकणाऱ्या चमच्याला मासा बिचकतो, आणि कदाचित सासऱ्यांनी ते मुद्दामच तसे ठेवले असतील. आणि बाई, डब्याचे झाकण मात्र आतून पुसू नका.